एअर फ्रायर घ्यावा का? आधी पंधरा दिवस कढईचा हिशोब मांडा

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या ओळखीतल्या पाच घरांत एअर फ्रायर आला. दोन घरांत तो रोज चालतो, एका घरात आठवड्यातून एकदा, आणि उरलेले दोन मूळ खोक्यात भरून माळ्यावर गेले. गंमत अशी की ज्या दोन घरांत तो माळ्यावर गेला, तिथे खाण्याची हौस जास्त, माणसं जास्त आणि तळणही जास्त. मी स्वतः दोन वर्षं ‘नको’च म्हणत होते. मग नणंदेचा माळ्यावरचा उतरवून आठ दिवस मागून आणला आणि शेवटी स्वतःचा घेतला. त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या दीड वर्षात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. वाचून काहींना घ्यावासा वाटेल, काहींचे पाच-सहा हजार वाचतील.

हा तळत नाही, भाजतो

सगळा घोटाळा नावात आहे. ‘फ्रायर’ म्हटलं की डोळ्यांपुढे कढई येते. प्रत्यक्षात ही पंखा लावलेली लहानशी भट्टी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्या वर पंखा, खाली जाळीची बास्केट. पंखा गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरवतो, पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि वरचा थर कोरडा, तांबूस होतो. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र बाजारात आणलं. त्यामागचं डोकं नेदरलँड्सच्या फ्रेड फान डेर वेइ यांचं. बटाट्याच्या फ्राइज जिथे मनापासून खाल्ल्या जातात त्या मुलुखात ते घडलं, हे लक्षात ठेवलं की याचं काय जमतं आणि काय नाही याचा निम्मा उलगडा होतो. आपली कांदाभजी त्या विचारात कुठेच नव्हती.

तेल आणि हवा यांतला फरक समजायला प्रयोगशाळा लागत नाही. २०० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घालून ट्रे ओढता येतो. १८० अंशांच्या तेलात बोट बुडवायचा विचारही कोणी करत नाही. तेल पदार्थाला सगळीकडून चिकटून उष्णता देतं, हवा ती फार हळू देते. म्हणून कढईत तीन-चार मिनिटांत निघणाऱ्या घाण्याला इथे बारा-पंधरा मिनिटं लागतात. दुसरं म्हणजे तळताना पदार्थातली वाफ बाहेर पडते आणि त्या जागी थोडं तेल शिरतं. चकलीचा खुसखुशीतपणा त्या तेलाचा आहे. ते तेल काढून घेतलं की उरतो तो कडकपणा.

तेव्हा ‘कमी तेलात तळणारं यंत्र’ हवं आहे का, असं विचारूच नका. ओट्यावर एक छोटी, झटपट तापणारी भट्टी हवी आहे का, एवढंच विचारा. माझा निर्णय या एका बदलाने फिरला.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची वही

एक जुनी वही घ्या आणि स्वयंपाकघरात टांगा. पंधरा दिवस तीन गोष्टी लिहा: काय तळलं, किती जणांसाठी, आणि कढईत उरलेल्या तेलाचं काय केलं. त्याच पानाच्या मागे काय भाजलं आणि काय पुन्हा गरम केलं तेही लिहा. शेंगदाणे, भरिताचं वांगं, वाटणाचा कांदा आणि खोबरं, रताळी, काल आणलेला समोसा, सगळं. हे दिवस साधेच निवडा. गणपतीत किंवा दिवाळीत वही ठेवली तर ती खोटं बोलेल.

माझ्या वहीत पंधरा दिवसांत तळण चार वेळा निघालं. त्यातली दोनदा भजी, एकदा पुऱ्या, एकदा साबुदाणावडे. म्हणजे एअर फ्रायरच्या कामाचं जेमतेम एक. पण मागच्या पानावर अकरा नोंदी होत्या. शेंगदाणे तर दर चार दिवसांनी भाजत होते आणि दर वेळी गॅसपाशी उभी राहून हलवत होते. तुमची वही उलटी असू शकेल: तळण आठ वेळा, त्यात सहा वेळा भजी-पुरी-वडे, आणि मागचं पान कोरं. तसं असेल तर पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही, चांगली जाड बुडाची कढई घ्या.

पायरी दुसरी: पदार्थ वेगळे करा

वहीतला प्रत्येक पदार्थ पुढच्यापैकी कुठे बसतो ते बघा.

*ओल्या पिठाचे.* कांदाभजी, बटाटावडा, मिरचीभजी, मेदूवडा. यांचं पीठ तेलात पडताक्षणी बाहेरून धरतं. जाळीवर ठेवलं तर ते धरायच्या आत खाली गळतं आणि बास्केटच्या भोकांत वाळून बसतं. नंतर ते टूथब्रशने काढावं लागतं, स्वानुभव आहे. बटाटावड्याचं सारण चपटं करून रव्यात घोळवून केलं तर उत्तम लागतं, पण त्याला पॅटिस म्हणतात. पाव आणि लसणाची चटणी घेऊन बसलेल्या माणसापुढे ते ठेवून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

*तेलातच फुलणारे.* पुरी, कुरडई, साबुदाण्याच्या पापड्या, मिरगुंडं. यांचा जीवच गरम तेलाच्या झटक्यात आहे. पुरी इथे वातड होते. कुरडईला तेलातला फुलोरा येत नाही. उडदाचा पापड दोन मिनिटांत भाजला जातो, पण पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटू शकतो. त्यासाठी वर स्टँड ठेवा, भांडी घासा, हे सगळं करण्यापेक्षा गॅसवर चिमट्यात धरून तो दहा सेकंदांत होतो.

*फराळाचे.* शंकरपाळ्यांत मोहन सढळ असेल तर १६० अंशांवर बिस्किटासारख्या छान होतात. करंजी होते, पण तिचं पारीपण जाऊन ती खारीच्या जवळ जाते. माझ्या सासूबाईंनी एक खाल्ली आणि ‘चहाबरोबर बरी आहे’ एवढंच म्हणाल्या. चकली आणि अनारशांच्या वाटेला जाऊ नका. चिवड्याचे पातळ पोहे तर यंत्रात उडतच राहतात.

*आधी शिजलेले, मग तळायचे.* इथे मात्र यंत्र पैसे वसूल करतं. अळूवडी, कोथिंबीरवडी, मुठिया, उकडलेल्या बटाट्याची टिक्की, कबाब. आत शिजवायचं काही उरलेलं नसतं, फक्त वरून कुरकुरीत करायचं असतं. अळूवडीच्या चकत्यांना दोन्ही बाजूंनी ब्रशने तेल लावून १९० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवल्या, मध्ये एकदा उलटल्या की कडा अशा कुरकुरतात की तव्यावरच्या वड्यांपेक्षा आमच्याकडे याच आधी संपतात.

*मासे.* माशागणिक उत्तर वेगळं. सुरमईचा तुकडा रव्यात घोळवून चालतो, पण रव्यावर तेलाचा फवारा कंजूसपणाने मारला तर पांढरे कोरडे ठिपके राहतात आणि खाताना वाळू खाल्ल्यासारखं वाटतं. १९०-२०० अंश, दहा-बारा मिनिटं. बांगडा सगळ्यांत छान, त्याची स्वतःची चरबी कामाला येते. गोव्याकडचा रेशाद मसाला भरलेला बांगडा तर जणू यासाठीच केलाय. ओले बोंबील मात्र पाण्याचेच बनलेले असतात. वजनाखाली दाबून पाणी काढलं तरी तव्यावरची कुरकुर येत नाही, मी तीन वेळा करून सोडून दिलं. सुके बोंबील भाजले तर छान भाजले जातात, फक्त तो पंखा वास घरभर नेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या केकलाही थोडा देतो.

*भाजायचे.* हे कोणी जाहिरातीत सांगत नाही आणि मराठी स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त उपयोग याचाच आहे. पाव किलो शेंगदाणे १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मध्ये दोनदा बास्केट हलवायची, सगळे एकसारखे भाजले जातात. वाटणासाठी कांदे सालासकट २०० वर वीस मिनिटं. सुक्या खोबऱ्याचे जाडसर तुकडे १६० वर चार-पाच मिनिटं, पण डोळ्यांदेखत, कारण खोबरं बघता बघता करपतं. खोबऱ्याचा कीस घालू नका, तो उडून कॉइलवर जातो. भरिताच्या वांग्याला सुरीने टोचे मारून, तेलाचा हात लावून २०० वर वीस-पंचवीस मिनिटं. साल सुटून येते, शेगडी खराब होत नाही. धुराचा वास मात्र मिळत नाही. ज्यांच्या घरी खानदेशी पद्धतीचं भरीत होतं त्यांना हे फसवणूक वाटेल, आणि त्यांचं बरोबर आहे.

*पुन्हा गरम करायचे.* कोपऱ्यावरून आणलेला वडा, कालचा समोसा, उरलेली कचोरी. मायक्रोवेव्हमध्ये हे मऊ आणि ओलसर होतात. इथे १६०-१७० अंशांवर पाच-सहा मिनिटांत पुन्हा कुरकुरीत. वहीत अशा नोंदी भरपूर असतील तर त्यांना पूर्ण गुण द्या.

पायरी तिसरी: पाटावर किती जण बसतात

माळ्यावर गेलेल्या यंत्रांचं रहस्य इथे आहे. चार-साडेचार लिटरच्या बास्केटमध्ये एका थरात आठ-नऊ अळूवड्या किंवा सुरमईचे तीन-चार तुकडे बसतात. थरावर थर रचले की हवा फिरत नाही आणि वड्या वाफवल्यासारख्या होतात. सात माणसांच्या घरात प्रत्येकी चार वड्या म्हणजे तीन-चार घाणे, आणि प्रत्येक घाण्याला बारा मिनिटं. पहिला घाणा खाणारा हात धुऊन उठतो तेव्हा शेवटच्याला पहिली वडी मिळते. कढईत हेच काम वीस मिनिटांत आटोपतं. नणंदेच्या घरी हेच झालं. पहिले पंधरा दिवस कौतुक, मग एका रविवारी कोणीतरी कढई चढवली ती चढवलीच.

याच्या उलट एक-दोन माणसांचं घर बघा. चार वड्यांसाठी कढईत पाव लिटर तेल ओता, तापवा, तळा, आणि मग त्या उरलेल्या तेलाकडे बघत बसा. टाकवत नाही, म्हणून वाटीत गाळून ठेवायचं आणि आठवडाभर फोडणीला वापरायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. वारंवार तापवलेलं तेल बिघडतं. व्यावसायिक तळणीसाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा घालून दिली आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. घरी ती मोजायचं साधन नसतं. फेस येणं, काळपट रंग आणि लवकर धूर येणं एवढ्याच खुणा. एअर फ्रायरमध्ये तेल उरतच नाही, आणि दोन माणसांच्या घरात मला याचं मोल पोटात गेलेल्या तेलापेक्षाही जास्त वाटतं. आमची दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हाच हे यंत्र मला पटायला लागलं.

साधा नियम सांगते. एका वेळी गरम गरम खाणारी माणसं चारपर्यंत असतील तर पुढे वाचा. पाच-सहा असतील तर मोठा, सहा लिटरच्या वरचा किंवा ट्रे लावायचा प्रकार बघा. त्याहून जास्त असतील तर तो फक्त भाजण्यासाठी घेताय का हे स्वतःला स्पष्ट विचारा.

एकट्या राहणाऱ्या वयस्क आई-वडिलांसाठी घ्यायचा विचार असेल तर त्याला वेगळं वजन आहे. वेळ संपली की हा आपोआप बंद होतो, उकळतं तेल नाही, शेगडी चालू राहायची भीती नाही. फक्त बटणं टचची नकोत, फिरवायची हवीत. माझ्या आईने टचचं यंत्र एका दिवसात परत दिलं आणि फिरवायच्या बटणांचं आनंदाने वापरतेय. परदेशात असणाऱ्यांचं गणित तर आणखी निराळं: बंद फ्लॅट, धुराचा अलार्म, आणि तळणाचा वास चार दिवस पडद्यांत. तिथे अळूवडीसाठी याच्याइतकी सोय दुसरी नाही.

पायरी चौथी: प्लग आणि ओटा

कंटाळवाणं आहे, पण याच कारणाने कितीतरी यंत्रं जेवणाच्या टेबलावर लोंबत्या वायरीने चालतात. आपल्या घरातला साधा छोटा प्लग ६ अँपिअरचा असतो. ६ गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट, ही त्याची हद्द. बरेच एअर फ्रायर १४०० ते १७०० वॅटचे असतात, म्हणजे मोठा, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. यंत्राच्या मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात, आधी ते वाचा. ओट्यावर मोठा पॉइंट एकच असेल आणि त्यावर मिक्सर, इंडक्शन किंवा फ्रिज असेल तर इलेक्ट्रिशियनचा खर्च हिशोबात धरा. एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका. जुन्या वायरिंगच्या घरात गीझर आणि हा एकाच वेळी लावला तर एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडण्याची शक्यता असते.

जागा मोजताना फक्त यंत्राची नका मोजू. मागून गरम हवा बाहेर पडते, तिथे भिंतीपासून वीतभर अंतर हवं. पुढे बास्केट ओढायला जागा हवी. वर लटकतं कपाट अगदी टेकलेलं नको. मापाचा एक पुठ्ठ्याचा खोका ओट्यावर चार दिवस ठेवून बघा. पोळ्या लाटताना तो अडला तर उत्तर मिळालं. जे यंत्र दर वेळी कपाटातून काढावं लागतं ते महिन्याभराने काढलं जात नाही.

पायरी पाचवी: पैसे

तेलाच्या बचतीतून किंमत वसूल होईल असं कोणी सांगत असेल तर कागद-पेन घेऊन बसा. मी बारा साबुदाणावडे तळायच्या आधी आणि नंतर तेलासकट कढई वजनकाट्यावर ठेवली होती. ९० ग्रॅम तेल कमी झालं. एअर फ्रायरमध्ये तेवढ्याच वड्यांना ब्रशने १० ग्रॅम लागलं. वाचलं ८० ग्रॅम, म्हणजे १६० रुपये किलोच्या तेलाने साधारण १३ रुपये. आठवड्यातून दोनदा असं केलं तर वर्षाचे तेराशे-चौदाशे. सहा हजारांचं यंत्र वसूल व्हायला साडेचार वर्षं, आणि तोवर बास्केटचा थर कितपत शाबूत असेल याची खात्री नाही.

वीज आणि गॅस यांत फारसा फरक निघत नाही. १५०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं सलग तापत राहिलं तर अर्धा युनिट जळतं. प्रत्यक्षात ते मध्ये मध्ये बंद होत असल्याने त्याहून कमीच. तुमचा खरा दर काढायला वीजबिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागा. दहा रुपये आला तर घाण्याला चार-पाच रुपये. १४.२ किलोचा सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला तर मध्यम शेगडी वीस मिनिटं जाळायला तीन-साडेतीन रुपये पडतात. म्हणजे पैशासाठी घेऊ नका. सोयीसाठी घेत असाल तर सोयीची किंमत मोजताय हे मान्य करून घ्या, त्यात वाईट काही नाही.

आरोग्याचा हिशोब मात्र खरा आहे, पण तोही जाहिरातीइतका नाही. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी. वरच्या बारा वड्यांत ८० ग्रॅम वाचलं म्हणजे वड्यामागे ६० कॅलरी. साबुदाणा, बटाटा आणि दाण्याचं कूट जसंच्या तसं आहे, वडा काही कोशिंबीर झाला नाही. पाकिटातल्या फ्रोजन फ्राइज तर कारखान्यात आधीच एकदा तेलातून काढलेल्या असतात, ‘थेंबभरही तेल नाही’ म्हणत खाताना हे आठवू द्या. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत तांबूस झाले की त्यात अॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं. स्वीडनमधल्या संशोधनामुळे २००२ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली. हवेत भाजलं म्हणून ते टळत नाही. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, काप अर्धा तास पाण्यात भिजवून कोरडे करा, आणि सोनेरी रंगावर थांबा, तपकिरीपर्यंत जाऊ नका.

आणि एक सापळा. मुलं असलेल्या घरात हे यंत्र आलं की आठवड्यातून एकदा होणारे नगेट्स चारदा होतात, कारण ‘तळलेले नाहीत ना’. त्यातलं मीठ आणि मैदा कुठे जात नाही.

पायरी सहावी: मागून आणा

एवढं करूनही मन होकाराकडे झुकत असेल तर दुकानात न जाता फोन उचला. सोसायटीच्या किंवा नातलगांच्या ग्रुपवर ‘कोणाचा एअर फ्रायर आठवडाभर मिळेल का’ एवढं विचारा. दोन-तीन तरी मिळतील, आणि किती जणी पटकन ‘ने’ म्हणतात यावरूनच बरंच कळेल.

आठवड्यात चार गोष्टी करून बघा. अळूवडी किंवा कोथिंबीरवडी, कारण ती याची ताकद दाखवते. साबुदाणावडे, कारण ते मर्यादा दाखवतात: १८० अंशांवर तेल लावून पंधरा-सोळा मिनिटांत होतात, फुटायची भीती नाही, पण दहा मिनिटं थांबलात की चिवट. तिसरं पाव किलो शेंगदाणे. चौथं, मांसाहारी असाल तर तंदुरी मसाला लावलेल्या तंगड्या १९० अंशांवर बावीस-पंचवीस मिनिटं, हाडापाशी चिरून रस गुलाबी नाही ना हे बघून. शाकाहारी असाल तर पनीर टिक्का, २०० वर आठ-दहा मिनिटं, जास्त ठेवलं तर रबर. आठवडा संपल्यावर खाणाऱ्यांना विचारू नका. ते ‘छान’ म्हणतात. शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही न सांगता कोणी यंत्र लावलं का, ते बघा.

घरात आधीच पंखा असलेला ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर आधी तो वापरून बघा. २०० अंशांवर तापवून घ्या, तारेची जाळी वरच्या खाचेत ठेवा, खाली ट्रे, आणि त्याच अळूवड्या भाजा. वेळ थोडा जास्त लागेल, कुरकुर थोडी कमी. तेवढ्यावर समाधान झालं तर नवीन यंत्र कशाला? आणि अप्पेपात्राला विसरू नका. त्यात चमचाभर तेलात साबुदाणावडे आणि ओल्या पिठाचे मूगवडेसुद्धा होतात, जे एअर फ्रायरला जमत नाही. किंमत काही शे रुपये.

घ्यायचाच ठरला तर

लिटरच्या आकड्याला भुलू नका, तळ बघा. खोल आणि अरुंद बास्केटपेक्षा उथळ आणि रुंद, शक्यतो चौकोनी, बास्केट बरी. एका थरात जास्त मावतं. दुकानात बास्केट ओढून हातात घ्या, वजन पेला, मूठ घट्ट आहे का पाहा. तापमान निदान ८० पासून २०० अंशांपर्यंत असावं. खालचं टोक हवंच, मेथी किंवा कढीपत्ता वाळवायला उपयोगी पडतं, हलकी पानं उडू नयेत म्हणून वर जाळी ठेवून. काचेची खिडकी आणि आत दिवा असेल तर सारखी बास्केट उघडावी लागत नाही. बारा-पंधरा ठरीव कार्यक्रमांची बटणं मात्र शोभेची, मी दीड वर्षात एकही दाबलेलं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला हा विचारा: बास्केट सुटी मिळते का आणि कितीला? आधी जाते ती तीच. तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर आहे की तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल, तेही विचारा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायचे नियम आधी वाचा. ‘आवडलं नाही’ म्हणून परत घेणं वेगळं आणि बिघडलेलं निघालं तर बदलून देणं वेगळं.

पहिला आठवडा

पहिल्यांदा रिकामाच १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, खिडक्या उघड्या ठेवून चालवा. नव्या यंत्राचा वास जातो. बास्केटमध्ये तेल ओतायचं नाही, फक्त पदार्थाला लावायचं, ब्रशने किंवा साध्या फवाऱ्याच्या बाटलीतून. बाजारात मिळणारे दाबाचे स्प्रे डबे टाळा, त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर बास्केटवर बसतो आणि घासून निघत नाही. तिथे लोखंडी झारा, तारेचा घासणा नको. नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, यंत्र तिथपर्यंत जात नाही, म्हणून त्या बाबतीत उगीच घाबरू नका. थर उचटला तर मात्र बास्केट बदला. बटर पेपर घातलात तर त्यावर पदार्थाचं वजन हवं, रिकामा कागद उडून कॉइलवर जातो आणि पेटतो. चरबीचं मांस असेल तर खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी घाला, धूर होत नाही.

धुणं त्याच रात्री. गरम पाणी आणि साबणाचा थेंब घालून अर्धा तास ठेवलं की बहुतेक सगळं सुटतं. उद्यावर टाकलं तर मसाला वाळतो. कॉइलकडे महिन्यातून एकदा, प्लग काढून, पूर्ण गार झाल्यावर यंत्र उलटं करून बघा आणि ओल्या फडक्याने पुसा. माझ्या नणंदेचं यंत्र मी परत दिलं तेव्हा कॉइलला दोन वर्षांपूर्वीच्या भजीच्या पिठाचे काळे थेंब चिकटलेले होते. ते मीच साफ करून दिले, आणि ते पुन्हा माळ्यावर गेलं.